पुस्तकातला नायक पडद्यावर आला की चाहत्यानं नेमकं काय मागावं?

प्रश्न असा आहे: ‘ली चाइल्ड यांच्या जॅक रीचर कादंबऱ्या मी वर्षानुवर्षं वाचतोय. टॉम क्रूझचा सिनेमा बघून चिडलो होतो, नंतर आलेली मालिका बघून खूश झालो. मित्र म्हणतात, पुस्तक वेगळं, सिनेमा वेगळा, तुलना करूच नये. मग लोकप्रिय थ्रिलरवर सिनेमा येतो तेव्हा चाहत्यानं काय अपेक्षा ठेवायची? आणि आधी पुस्तक वाचावं की आधी सिनेमा बघावा?’

तुमच्या मित्रांचं म्हणणं मला पटत नाही. ‘माध्यम वेगळं आहे हो’ हे आम्ही पटकथा लिहिणारी मंडळीच सगळ्यात जास्त म्हणतो, आणि बहुतेकदा न जमलेल्या कामावर पांघरूण घालायला म्हणतो. निर्माता पुस्तकाचे हक्क घेतो ते त्या नावामागे उभ्या असलेल्या वाचकांसाठी. त्यांच्या भरवशावर जाहिरात करायची आणि त्यांनी तुलना केली की कपाळाला आठ्या घालायच्या, याला काही अर्थ नाही. तुलना खुशाल करा. फक्त कशाची करायची हे आधी ठरवा, कारण चाहते ज्या गोष्टीवरून भांडतात ती बऱ्याचदा खरी बिघडलेली गोष्ट नसते.

गुन्हेगारी मालिका लिहिण्यात आणि काही कादंबऱ्यांची रूपांतरं करण्यात माझी बरीच वर्षं गेली. त्यातून माझं मत असं झालंय की थ्रिलरमध्ये घटना बदलल्या, पात्रं गाळली, गाव बदललं तरी फारसं बिघडत नाही. बिघडतं ते दोन कारणांनी. कुठली माहिती आपल्याला कधी मिळते, हा क्रम विचार न करता बदलला तर. आणि कथेचं सगळं यंत्र नायकाच्या ज्या गुणावर फिरतं तो गुणच काढून टाकला तर.

रीचरपासूनच सुरुवात करू. ली चाइल्ड हे जिम ग्रँट या इंग्रज माणसाचं टोपणनाव. ग्रॅनाडा टेलिव्हिजनमधली नोकरी १९९५ मध्ये गेल्यावर ते लिहायला बसले आणि १९९७ मध्ये ‘किलिंग फ्लोअर’ आली. म्हणजे टीव्हीचं गणित कळणाऱ्या माणसानंच हा नायक घडवलाय. रीचर हा माजी लष्करी पोलीस: सहा फूट पाच इंच उंच, वजन शंभर किलोच्या वर, छाती पन्नास इंच. घर नाही, सामान नाही, खिशात दात घासायचा ब्रश. २०१२ च्या ‘जॅक रीचर’मध्ये हे काम टॉम क्रूझनं केलं. त्याची उंची साधारण पाच फूट सात इंच. वाचक खवळले. तेव्हा लेखकानं बाजू सावरली होती: पुस्तकातली उंची हे न थांबवता येणाऱ्या शक्तीचं रूपक आहे आणि क्रूझ ती शक्ती आपल्या पद्धतीनं दाखवतो, असं काहीसं. पुढे २०१६ मध्ये दुसरा सिनेमा आला, आणि २०१८ मध्ये मालिकेची बातमी देताना त्याच लेखकानं मान्य केलं की वाचकांचं बरोबर होतं.

पण ते बरोबर का होतं, हे नीट सांगायला हवं. नाहीतर हा नुसता फूटपट्टीचा वाद होऊन बसतो. मालिकेतला ॲलन रिचसन सहा फूट दोन-तीन इंचांचा आहे. म्हणजे पुस्तकाच्या मापानं तोही कमीच भरतो. त्याबद्दल ओरडणारा वाचक मला तरी भेटलेला नाही. कारण वाचकांना आकडा नको होता, त्या देहाचं काम हवं होतं. रीचर खोलीत शिरला की बाकीच्यांचं वागणं बदलतं. हॉटेलातली बाई दचकते, पोलीस आधी पिस्तुलाकडे हात नेतात, गावगुंड मोजदाद करायला लागतात. गावात खून झाला की पहिला संशय याच्यावर, कारण तो दिसतोच तसा. मारामारीत तो कसा जिंकतो याला पुस्तकात फार महत्त्व नाही. तो जिंकणार हे त्याला, आपल्याला आणि मनातल्या मनात समोरच्यालाही माहीत असतं, तरी समोरचा मागे हटत नाही, यात मजा आहे. सिनेमात बारबाहेर पाच जण क्रूझला घेरतात. तो प्रसंग उत्तम झालाय, पण त्याची जात बदलली. ‘या पोरांना ठाऊक नाही हा कोण आहे’ असा तो झाला. समोरच्यानं कमी लेखलेला माणूस शेवटी भारी पडतो, ही गोष्ट आपण शेकडो सिनेमांत पाहिली आहे. रीचरची गोष्ट बरोब्बर उलटी आहे.

मालिकावाल्यांना हे कळलं होतं. २०२२ च्या पहिल्या भागात रीचर पहिली काही मिनिटं तोंडच उघडत नाही. त्याला बेड्या घातल्या जातात, ठाण्यात नेलं जातं, सगळे बोलतात आणि तो गप्प. नुसत्या शरीरावर एवढा वेळ प्रसंग पेलायचा तर तसं शरीर लागतं. ‘पर्सुएडर’ या कादंबरीवरच्या तिसऱ्या पर्वात तर त्यांना रीचरला घाबरवेल असा माणूस शोधावा लागला आणि त्यांनी सात फूट दोन इंचांचा ऑलिव्हिए रिक्टर्स आणून उभा केला. नायकाचं माप धरून ठेवलं की खलनायकाचं मापही त्यावरून ठरत जातं.

आता याच्या उलट उदाहरण, कारण ‘पुस्तकात जसा आहे तसाच हवा’ असा सरसकट नियम केला तर तो लगेच मोडेल. रॉबर्ट ब्लॉक यांची ‘सायको’ १९५९ ची. तिच्यातला मोटेल चालवणारा नॉर्मन बेट्स चाळिशीचा, जाडा, चष्मेवाला, दारू पिणारा. वाचकाला पहिल्या प्रकरणापासून तो जरा किळसवाणाच वाटतो. हिचकॉकनं १९६० मध्ये तिथे अँथनी पर्किन्स घेतला: सडपातळ, लाजरा, देखणा, तिशीसुद्धा न गाठलेला. रीचरपेक्षा हा बदल मोठा आहे. तरी आज जाडा नॉर्मन कुणाला चालेल? याचं कारण नॉर्मनच्या कामात आहे. सिनेमा सुरू होतो पैसे घेऊन पळालेल्या मुलीपासून, आणि अर्ध्या वाटेवर तीच मारली जाते. प्रेक्षक अधांतरी लोंबकळतो. त्या क्षणी त्याला धरायला दुसरं कुणीतरी लागतं आणि हाताला लागतो तो नॉर्मन. तो तिची गाडी दलदलीत बुडवत असताना ती मध्येच थांबते तेव्हा आपलाही श्वास अडकतो, म्हणजे आपण नकळत त्याच्या बाजूला जाऊन बसलेले असतो. किळसवाण्या माणसाबरोबर हे घडलं नसतं. पटकथाकार जोसेफ स्टेफानो आणि हिचकॉक यांनी देह बदलला, पण यंत्र चालू राहावं म्हणून बदलला. क्रूझच्या वेळी देह बदलला आणि यंत्र बंद पडलं. एवढा फरक मनात ठेवलात तर पुढच्या वेळी कलाकारांची नावं जाहीर होताच रागवायचं की थांबायचं, हे तुम्हालाच ठरवता येईल.

उंचीच्या भांडणात एक गोष्ट मात्र चाहत्यांच्या नजरेतून निसटली, आणि माझ्या मते ती उंचीपेक्षा मोठी होती. पहिला सिनेमा ‘वन शॉट’ या २००५ च्या कादंबरीवर आहे. एक नेमबाज पार्किंगच्या इमारतीतून पाच जणांना टिपतो, सगळे पुरावे जेम्स बार नावाच्या माजी सैनिकाकडे बोट दाखवतात आणि बार एवढंच सांगतो, रीचरला बोलवा. कादंबरीत गोळ्या झाडणारा माणूस कोण हे लेखक सांगत नाही. त्याच्या हालचाली दिसतात, नाव नाही, चेहरा नाही. पुढे बारला अटक होते आणि आपण आपल्या मनानंच दोन टोकं जोडून टाकतो. सिनेमात दिग्दर्शक ख्रिस्तोफर मॅक्वॅरी पहिल्याच प्रसंगात नेमबाजाचा चेहरा दाखवतो, आणि तो बार नाही. म्हणजे पुस्तकाचा वाचक बराच वेळ विचारतो, ‘यानं हे केलं का, आणि केलं तर का?’ सिनेमाचा प्रेक्षक पहिल्या दहा मिनिटांत विचारू लागतो, ‘रीचरला हे कधी कळणार?’ गोष्ट तीच, पण प्रेक्षकाची जागा पूर्ण बदलली.

हे चुकलं असं मी म्हणत नाही. पडद्यावर चेहरा लपवणं महाग पडतं. कागदावर ‘तो माणूस’ असं लिहून चाळीस पानं काढता येतात. पडद्यावर सतत पाठमोरा किंवा अंधारातला माणूस दाखवला की प्रेक्षकाला लगेच कळतं, इथे काहीतरी दडवलंय, आणि दडवलंय हे कळणं म्हणजे निम्मं गुपित फुटणं. हिचकॉकनं फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोला दिलेल्या मुलाखतीतलं टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण तुम्ही ऐकलं असेल. बॉम्ब अचानक फुटला तर काही सेकंदांचा धक्का. तो तिथे आहे हे प्रेक्षकाला आधीच सांगितलं, तर वरच्या फालतू गप्पासुद्धा पंधरा मिनिटं जीव टांगणीला लावतात. धक्का विकून टांगणी विकत घ्यायची, हा सौदा पटकथाकार रोज करतो. चाहत्यानं पाहायचं ते हे, की सौद्यात मिळालं किती. ‘जॅक रीचर’मध्ये माझ्या मते घाट्याचा सौदा झाला. संशय काढून घेतला, पण त्या जागी पुरेशी टांगणी आली नाही, कारण रीचर हरेल अशी भीती आपल्याला कधी वाटतच नाही.

हाच सौदा फायद्यात कसा करायचा ते सत्यजित राय यांच्याकडून शिकावं. ‘सोनार केल्ला’ ही फेलूदा या गुप्तहेराची गोष्ट त्यांची स्वतःची, १९७१ ची. पूर्वजन्म आठवणारा मुलगा मुकुल, सोन्याचा किल्ला, राजस्थान, आणि खोटा डॉक्टर कोण हे शेवटपर्यंत गुलदस्त्यात. १९७४ मध्ये त्यांनी सिनेमा केला तेव्हा लेखक म्हणून जपलेलं हे गुपित दिग्दर्शक म्हणून स्वतःच सुरुवातीलाच फोडून टाकलं. बदमाश कोण ते आपल्याला माहीत आणि फेलूदाला नाही. मग रेल्वेच्या डब्यात, सर्किट हाऊसमध्ये, मुकुल त्या माणसाचा हात धरून चालतो तेव्हा आपण अस्वस्थ होतो. बंगालमधले वाचक त्या गोष्टीवर जीव टाकणारे, पण सिनेमाला त्यांनी डोक्यावर घेतलं. फेलूदाच्या कथेत नुसतं ‘कोण’ महत्त्वाचं नसतं. तो, त्याचा चुलतभाऊ तोपशे आणि रहस्यकथा लिहिणारा मित्र जटायू यांच्याबरोबरचा प्रवास हवा असतो, आणि तो तसाच राहिला. जटायूच्या बाबतीत तर उलटा प्रवाह वाहिला. अभिनेते संतोष दत्त यांनी तो असा उभा केला की राय यांनी पुढे पुस्तकांतल्या चित्रांमध्ये जटायूचा चेहराच दत्तांसारखा काढायला सुरुवात केली. १९८८ मध्ये दत्त गेल्यावर राय यांनी फेलूदावर पुन्हा सिनेमा केला नाही.

मराठी वाचकाला हे वेगळं समजावून द्यायला नको. बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार किंवा काळापहाड, सुहास शिरवळकरांचा दारा बुलंद किंवा अमर विश्वास, हे सगळे लायब्ररीतल्या फाटक्या पुठ्ठ्यांतून आपल्या डोक्यात गेले आणि प्रत्येकाच्या डोक्यात वेगळे झाले. एकाच वाड्यातल्या दोन भावांचा अमर विश्वास एकसारखा नसायचा. म्हणून ‘माझ्या मनातला नायक दिसला नाही’ ही तक्रार खरी असली तरी तिला औषध नाही. ‘नायकाचं जे काम होतं ते झालं नाही’ या तक्रारीला आहे, आणि निर्मात्यांनी ऐकावी ती हीच.

आता गाळण्याबद्दल. चारशे पानांची कादंबरी दोन तासांत बसवायची म्हणजे पटकथेची साधारण एकशेवीस पानं. पानाला एक मिनिट हा आमचा ढोबळ हिशोब. अर्ध्याहून जास्त जाणारच, त्यावर वाद नको. ‘जॉज’ ही शार्क माशाची गोष्ट घ्या. पीटर बेंचली यांच्या १९७४ च्या कादंबरीत पोलीसप्रमुखाच्या बायकोचं मासेतज्ज्ञ हूपरशी प्रकरण आहे, नगराध्यक्षाचे गुन्हेगारी टोळीशी लागेबांधे आहेत, आणि हूपर शेवटी मरतो. स्पीलबर्गच्या १९७५ च्या सिनेमातून प्रकरण गेलं, टोळी गेली, हूपर वाचला. कुणी शोक केला नाही, कारण पुस्तक वाचतानाही लोक ती पानं भराभर उलटून समुद्राकडेच धावत होते. शेवटी माशाच्या तोंडातली हवेची टाकी फुटते, तो प्रकार बेंचली यांना अशक्यच वाटला होता आणि त्यांनी तसं सुनावलंही. तांत्रिकदृष्ट्या लेखकाचं बरोबर असेल. पण त्या क्षणापर्यंत प्रेक्षकाला इतकं घट्ट पकडलेलं होतं की कुणी हिशोब मागितला नाही.

याच्या विरुद्ध टोकाला ‘द दा विंची कोड’. २००३ ची कादंबरी, तीनेक वर्षांत जगभर घराघरांत. डॅन ब्राउन मराठीत आले ते मेहता पब्लिशिंग हाऊसमुळे, आणि इंग्रजी न वाचणाऱ्या कितीतरी जणांनी कादंबरीचा नायक लँग्डनबरोबर पॅरिसची वारी केली. २००६ चा सिनेमा पुस्तकाला बऱ्यापैकी धरून होता. टॉम हँक्स, रॉन हॉवर्ड, खराखुरा लूव्र. काही मोठं बदललं नाही आणि तरीही मजा गेली. का गेली? त्या पुस्तकात शंभराहून जास्त प्रकरणं आहेत, बरीचशी दोन-चार पानांची, आणि बहुतेक प्रकरण एखाद्या कोड्यावर तोडलेलं. तिथे वाचक थांबतो. अक्षरांची उलटापालट स्वतः करून बघतो, चित्र शोधून बघतो, मग पान उलटतो. दोन प्रकरणांमधली ती मोकळी जागा हाच त्या पुस्तकाचा खरा माल आहे. सिनेमा थांबत नाही. हँक्सला कोडं दिसतं, अक्षरं हवेत चमकतात, उत्तर येतं, पुढे चला. वाचक सोडवणारा होता, प्रेक्षक ऐकणारा झाला. वर गाडीत, विमानात, वाड्यात बसून इतिहास सांगणारी माणसं. घटनांशी प्रामाणिक राहून पुस्तक कसं हातचं घालवावं, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला सुचत नाही. ‘काही बदलू नका’ असा आग्रह धरणाऱ्या चाहत्यांनी हा सिनेमा अधूनमधून पुन्हा बघावा.

शेवट बदलला की लोक सगळ्यात जास्त चिडतात. इथेही मी एकच गोष्ट तपासतो: बदललेला शेवट आधीच्या तासाभरातून निघतो की बाहेरून आणून चिकटवलेला आहे? थॉमस हॅरिस यांच्या ‘हॅनिबल’च्या शेवटी एफबीआयची क्लॅरिस स्टार्लिंग नरभक्षक खुनी लेक्टरबरोबर निघून जाते, त्याची जोडीदार होऊन. बऱ्याच वाचकांनाच ते पचलं नव्हतं. ‘द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्ज’साठी ऑस्कर घेतलेल्या जोडी फॉस्टरनं पुढचा भाग केला नाही, दिग्दर्शक जॉनथन डेमीही बाजूला राहिला. २००१ च्या सिनेमात रिडली स्कॉटनं शेवट बदलला: क्लॅरिस त्याला बेडी घालते आणि तो तिचा हात वाचवून स्वतःचा तोडतो. पुस्तकाशी बेइमानी, पण दोन्ही पात्रांशी जास्त इमान. उलट ‘गॉन गर्ल’च्या वेळी सिनेमाचा शेवट बदललाय अशी चर्चा आधीच सुरू झाली आणि वाचक धास्तावले. पटकथा कादंबरीच्याच लेखिका गिलियन फ्लिन यांनी स्वतः लिहिलेली. २०१४ मध्ये दिग्दर्शक डेव्हिड फिंचरचा सिनेमा आला तर शेवट होता तसाच, तितकाच थंड आणि तितकाच भयंकर. तो बदलला असता तर सगळी इमारत कोसळली असती, कारण ती कथा लग्न नावाच्या सापळ्याची आहे आणि सापळा उघडा टाकून ती संपवता येत नाही. ज्यानं पुस्तक आधी वाचलं नसेल त्याच्यासाठी यापुढे एक शब्द बोलत नाही.

नायकाला भूतकाळ देण्याची नवी हौस हा माझा वैयक्तिक राग आहे. फ्रेडरिक फोर्साइथ यांची ‘द डे ऑफ द जॅकल’ १९७१ ची. १९६२ मध्ये पॅरिसजवळ पेती-क्लामारला फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांच्यावर झालेला खरा हल्ला आणि त्यानंतर ओएएस या त्यांच्या विरोधातल्या गुप्त सशस्त्र संघटनेनं भाड्यानं घेतलेला काल्पनिक मारेकरी. द गॉल १९७० मध्ये घरी, नैसर्गिक मृत्यूनं गेले हे प्रत्येक वाचकाला ठाऊक. म्हणजे ‘काय होणार’ हा प्रश्नच बाद. उरतं ते ‘कसं’: लहानपणीच मेलेल्या मुलाच्या नावावर काढलेला पासपोर्ट, खास बनवून घेतलेली बंदूक, झाडाला टांगलेल्या कलिंगडावरचा सराव. आणि हे सगळं करणाऱ्या माणसाचं नाव शेवटपर्यंत कुणालाच कळत नाही. १९७३ मध्ये फ्रेड झिनमननं सिनेमा केला तेव्हा त्यानं मुद्दाम मोठा तारा टाळला आणि एडवर्ड फॉक्सला घेतलं, कारण ओळखीचा चेहरा आला की तो ‘कुणीतरी’ होतो. १९९७ मध्ये ब्रूस विलिसला घेऊन त्यावरून दुसरा सिनेमा निघाला तेव्हा मूळ नाव वापरायला झिनमनचा विरोध होता. शेवटी तो नुसता ‘द जॅकल’ या नावानं आला. २०२४ च्या मालिकेत एडी रेडमेन आहे. तिच्यात जॅकलला स्पेनमध्ये बायको आहे, मूल आहे, सैन्यातला भूतकाळ आहे. रेडमेन सुरेख काम करतो आणि मीही दहाच्या दहा भाग बघितले. पण माझा जॅकल त्यात नाही. ज्याच्याबद्दल काहीच कळत नाही म्हणून जो भीतिदायक आहे, त्याच्या घरची भांडणं दाखवली की तो समजण्याजोगा होतो. दहा भाग भरायचे तर घर लागतं, हे लिहिणारा म्हणून मला कळतं. वाचक म्हणून कळून घ्यायचं नाही.

त्यावरूनच दुसरी एक समजूत बाजूला करतो. रीचरच्या मालिकेनंतर बरेच चाहते म्हणायला लागले की सिनेमा नकोच, आठ भागांची मालिकाच हवी. पुस्तकाला जागा मिळते हे खरं. पण मालिका जागा भरायलाही लावते. ‘किलिंग फ्लोअर’मध्ये रीचरची जुनी सहकारी फ्रान्सिस नीगली नाही. पहिल्या पर्वात तिला आणलं, आणि ते पथ्यावर पडलं, कारण एकट्या रीचरच्या डोक्यात चालणारे हिशोब बोलून दाखवायला कुणीतरी हवंच होतं. कादंबरी ‘मी’ म्हणून सांगितलेली असेल तर पडद्यावर हा प्रश्न कायम येतो. ‘सेक्रेड गेम्स’ला मात्र दुसऱ्या पर्वात जागा भोवली. विक्रम चंद्रा यांची २००६ ची कादंबरी नऊशेच्या आसपास पानांची, मुंबईची, इंग्रजीत लिहिलेली. २०१८ च्या पहिल्या पर्वानं तिला एक अशी गोष्ट दिली जी पुस्तक पूर्णपणे देऊ शकत नव्हतं: पात्रांना त्यांच्या तोंडची भाषा मिळाली. जितेंद्र जोशीचा हवालदार काटेकर घरी मराठीतच भांडतो, ठाण्यात हिंदी बोलतो, आणि त्या ये-जा करण्यातून मुंबईचा हवालदार उभा राहतो. पुस्तकाच्या चाहत्यानं मागितलेलं नव्हतं, तरी मिळालं. दुसऱ्या पर्वात गुरुजी आणि आश्रम यांचा पसारा इतका वाढला की पोलीस सरताज आणि गुंड गायतोंडे यांच्यामधला ताण सैल झाला.

हे सगळं ठरवतं कोण, हेही तुम्हाला ठाऊक असावं, म्हणजे राग योग्य पत्त्यावर जाईल. लेखकाला बहुधा आधी थोडी रक्कम देऊन हक्क ठराविक मुदतीसाठी राखून ठेवले जातात. सिनेमा खरोखर उभा राहिला तर उरलेले पैसे. या करारात कलाकार निवडण्याचा अधिकार लेखकाला क्वचितच असतो. फार तर ‘सल्ला घेतला जाईल’ असं कलम असतं, आणि सल्ला घेणं म्हणजे ऐकणं नव्हे. क्रूझ ‘जॅक रीचर’चा नुसता नायक नव्हता, निर्मात्यांपैकीही होता. तो नसता तर उंच रीचर मिळाला असता असं नाही. बहुधा त्या वर्षी कुठलाच रीचर मिळाला नसता. सुमारे सहा कोटी डॉलर खर्चून केलेल्या त्या सिनेमानं जगभरात वीस कोटींच्या वर कमावले. दुसऱ्यानं बरेच कमी कमावले. मालिका झाली ती वाचकांच्या तक्रारीमुळे, हे अर्धसत्य आहे. उरलेलं अर्धं त्या दुसऱ्या सिनेमाच्या गल्ल्यात आहे.

म्हणून ट्रेलर आल्यावर किंवा नाव जाहीर झाल्यावर तुम्ही काही लिहिणार असाल तर ‘आमच्या पुस्तकाची वाट लावली’ असं लिहू नका, ते कुणी वाचत नाही. ‘हा माणूस खोलीत आल्यावर बाकीचे घाबरले पाहिजेत, इथे कोणी घाबरत नाही’ असं लिहा. असं वाक्य लेखकांच्या खोलीत पोचतं. मी तिथे बसलेला असतो म्हणून सांगतो, अशी वाक्यं आम्ही एकमेकांना वाचून दाखवतो, कधी चिडून तर कधी निमूटपणे.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, आधी काय. सगळा डाव एका लपवलेल्या गोष्टीवर असेल तर आधी पुस्तक. केइगो हिगाशिनो यांची ‘द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स’ तशी आहे. खून कुणी केला ते सुरुवातीलाच दिसतं आणि तरीही लेखक तुम्हाला शेवटी चकवतो. तो चकवा शब्दांत जितका स्वच्छ बसतो तितका चित्रात बसणं कठीण. तिच्यावरचा २०२३ चा हिंदी सिनेमा ‘जाने जान’ त्यानंतर बघा, कालिम्पाँगचं धुकं आणि जयदीप अहलावतचा गणिताचा मास्तर यांसाठी. ‘जॅकल’चं काहीही आधी चालेल, फक्त १९७३ चा बघा. ‘जॉज’ आधी पडद्यावर. ‘दा विंची कोड’ वाचायची असेल तर वाचा, आणि सिनेमाऐवजी लूव्रमधल्या चित्रांचा एखादा अल्बम जवळ ठेवा. रीचर कुठूनही सुरू करता येतो, कारण तो प्रत्येक पुस्तकात नव्या गावात उतरतो. पण ‘वन शॉट’ वाचायची राहिली असेल तर ती सिनेमाआधीच वाचून घ्या. नेमबाजाचा चेहरा एकदा बघितलात की तो विसरता येणार नाही.